डुक्कर आणि पद्मिनी

एका गाडीला ‘ते’ म्हणायचं, दुसरीला ‘ती’.
डुक्कर हे नाव लोकांनी ठेवलं,
पाठीचा फुगवटा आणि नाकाड बघून.
पद्मिनी कंपनीनं ठेवलं, थाटात, बारसं करून,
पण लग्नानंतरही माहेरचं नाव सुटू नये
तशी ती फियाटच राहिली.

दोन्ही रे रोडला माझ्या गाळ्यासमोर उभी.
कुर्ल्याच्या एकाच कारखान्यातली, मधे सव्वीस वर्षं.
इंजिन तेच, एक हजार एकोणनव्वद सीसी,
गिअरचा दांडा तसाच स्टिअरिंगच्या गळ्याशी.
पत्रा तेवढा बदलला,
जसा माणूस पत्ता बदलतो
आणि खोकला तोच राहतो.

तळपदे म्हणाले, खारची बिल्डिंग पाडतायत.
टॉवरमध्ये मला एकच पार्किंग,
तेही पाळण्यात बसवून वर चढवणारं.
तू दोन्ही शिव, वैजयंता. मग बघू.

चौऱ्याऐंशीचा माणूस ‘मग बघू’ म्हणतो
तेव्हा मी गुपचूप टेप काढते.

रंग बघणारे वेगळे, क्रोम बघणारे वेगळे.
मी सीट उलटी करते
आणि स्प्रिंगा वाचते.

डुक्कर:
सुतळीनं आवळलेल्या स्प्रिंगा, वर नारळाचा काथ्या.
पुढची उजवी बाजू सपाट, एकसारखी दबलेली,
पगारी वजन.
पुढचं दार उलटं उघडतं, त्यामुळे भिकोबा ड्रायव्हर
उतरायचा तो थेट समोर तोंड करून,
जणू सलामीला.
मागे डाव्या कोपऱ्यात खोल खळगा,
ते भाऊसाहेब, तळपद्यांचे वडील.
मधला पट्टा कोरा.
तिथे पोरं बसत; पोरांचं वजन
स्प्रिंगा लक्षात ठेवत नाहीत.
खाली सापडलं: भोकाचा पैसा, हस्तिदंती बटण,
महालक्ष्मीच्या रेसची चिठ्ठी.
घोड्याचं नाव पुसलेलं. हरला असणार.

पद्मिनी:
काथ्या गेला, फोम आला.
फोम हा वायद्याचा माल, शेवटी पिठासारखा सांडतो.
रेक्झिनवर भानोल्याच्या तेलाचा डाग.
सहा वर्षं नंबर लावून मिळालेली गाडी,
दोन महिने प्लास्टिक काढलं नव्हतं म्हणे,
म्हणजे डाग तिसऱ्या महिन्यातला.
मागची सीट जवळजवळ नवी,
मुलगा तोवर टोरांटोला.
पुढे दोन खड्डे, शेजारीशेजारी.
उजवा मालकाचा; आता ड्रायव्हर कोण ठेवतो?
डावा उथळ, वर्षागणिक काठाकडे सरकलेला,
दाराला टेकून बसणाऱ्या माणसाचा.

दर मंगळवारी परळला न्यायचो, तळपदे म्हणाले.
परळला कुठे, ते मी विचारलं नाही.

माझा बाप त्याच कारखान्यात, सीट खात्यात होता.
म्हणून गाठ बघितली.
उजव्या हाताची.
बाप डावखुरा. बरं, नाही तर नाही.

डुकराला वरळीचा एक शौकीन तयार आहे.
रॅलीत मिरवणार,
त्याला मरून रंग हवा, कडेनं पांढरी पायपिंग.
पद्मिनीला भंगारवाला पंधरा हजार देतो,
तेही नाक मुरडून.

तळपद्यांनी पद्मिनी ठेवली.
म्हणाले, डावीकडे नवा फोम भरू नकोस.
मी म्हटलं, काका, खड्डा ठेवून शिवलं
तर टाका उसवतो. फार तर वर्ष निघेल.
म्हणाले, शिव.

शिवलं.

राहिला डुकराचा काथ्या.
काठीनं झोडपला, सत्तर वर्षांची धूळ निघाली,
गल्लीतला चहावाला शिव्या देत राहिला,
आणि काथ्या फुलून आला, लग्नातल्या पुरीसारखा.
टाकवेना.
भाऊच्या धक्क्यावर बर्फ वाहणाऱ्या टेम्पोची सीट
त्याच आठवड्यात आली होती.
तिच्यात भरला, कुणाला न सांगता.

टेम्पोवाला म्हणतो, कंबर दुखायची थांबली.
खालचे पैसे मात्र अजून द्यायचेत त्यानं.